युनियन फायर कंपनीचा करारनामा (इ. स. १७३६)

इतिहाससंशोधकांच्या दप्तरांत महजर, निवाडे, वतनपत्रें, ताळेबंद हे कागद नित्य येतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं, कोणाहि सरकारची आज्ञा नसतां, एकत्र बसून स्वतःस बांधून घेण्याकरितां लिहिलेला कागद त्या मानानें विरळा. अशा जातीचा एक कागद उत्तर अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं इ. स. १७३६ च्या डिसेंबर महिन्याच्या ७ व्या तारखेस लिहिला गेला. तो 'युनियन फायर कंपनी' या मंडळीचा करारनामा होय. येथें 'कंपनी' या शब्दानें व्यापारी कंपनी समजावयाची नाहीं. मंडळी किंवा जथा एवढाच त्याचा अर्थ आहे.

बेंजामिन फ्रँक्लिन याच्या लहानमोठ्या चरित्रांत, त्यानें अमेरिकेंतील पहिलें आग विझविणारें स्वयंसेवक पथक काढलें, अशा अर्थाचें वाक्य बहुधा असतेंच. तेथून तें मुलांच्या पुस्तकांत उतरतें व मग कोणी त्याची चौकशी करीत नाहीं. मूळ करारनामा समोर ठेवून वाचला असतां या वाक्यांतील 'पहिलें' हा शब्द टिकत नाहीं; 'आग विझविणारें' हा निम्माच टिकतो; आणि 'स्वयंसेवक' हा शब्द तर करारांत कोठेंच आढळत नाहीं. इतकें वजा जातां कागदाची किंमत कमी होते, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. उलट त्यांत जें खरोखर लिहिलें आहे, तेंच अधिक विचार करण्याजोगें आहे.

नगरास लागणाऱ्या आगीचा बंदोबस्त हा विषय जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नागरिकाचीं, म्हणजे नगराधिकाऱ्याचीं, कामें सांगतांना (अध्याय ३६) तो आला आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला व रा. पं. कंगले यांनीं सिद्ध केलेली चिकित्सित आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० सालीं काढली; तेव्हां मूळ वचनें सर्वांस सुलभ आहेत. उन्हाळ्यांत भर दुपारच्या वेळीं विस्तव पेटवूं नये, पेटविल्यास अष्टमांश पण दंड. प्रत्येक घरीं पांच घागरी, कुंभ, द्रोणी, शिडी, परशु, सूप, अंकुश, कचग्रहणी व दृति हीं साधनें असावींत, नसल्यास चतुर्थांश पण दंड. विस्तवावर धंदा करणारांस एका ठिकाणीं वसवावें. रस्त्यांत, चव्हाट्यांवर व वेशींशीं भरलेल्या घागरींच्या ओळी ठेवाव्या. पेटलेल्या घराकडे जो घरमालक धांवून जाणार नाहीं त्यास बारा पण दंड, भाडेकरी असल्यास सहा. दृति म्हणजे कातड्याची पिशवी, आपल्या पखालीची बहीण. कचग्रहणी म्हणजे शब्दशः केस पकडणारी. छपराचें गवत ओढून काढण्याची ही आंकडी असावी. घराच्या गवतास केसांची उपमा ज्यानें दिली तो आगीच्या जागीं स्वतः उभा राहिला असला पाहिजे, असें हा अध्याय शिकवितांना आम्हांस नेहमीं वाटे.

हत्यारें येथें जवळजवळ तींच आहेत, जीं पुढें फिलाडेल्फियांत दिसतील. फरक आहे तो बंधनाच्या उगमांत. कौटिल्याच्या नगरांत धांवून जाण्यास सांगणारा राजा आहे व न धांवल्यास दंड घेणाराहि राजाच आहे.

रोमच्या बादशाहींत या प्रश्नाचें दुसरें टोंक दिसतें. ऑगस्टस यानें इ. स. ६ मध्यें मुक्त केलेल्या गुलामांच्या सात पलटणी राजधानीच्या पहाऱ्यास व आगीच्या बंदोबस्तास नेमल्या. तत्पूर्वीं एग्नाशियस रूफस नांवाच्या नगराधिकाऱ्यानें आपले गुलाम आगी विझविण्यास लावून लोकप्रियता मिळविली होती, आणि पुढें कटाच्या आरोपावरून तो प्राणास मुकला. ही भीति बादशहांच्या मनांत मुरली होती, याचा पुरावा धाकट्या प्लिनीच्या पत्रव्यवहारांत आहे. इ. स. ११० च्या सुमारास तो बिथिनिया प्रांताचा कारभारी असतां निकोमीडिया शहरांत मोठी आग लागून पुष्कळ घरें व दोन सार्वजनिक इमारती जळाल्या. लोक हात बांधून पाहत उभे राहिले. शहरांत पाण्याचा बंब नव्हता, बादली नव्हती. प्लिनीनें बादशहा ट्रेजन यास लिहून विचारलें कीं, दीडशें कारागिरांची एक मंडळी आगीकरितां स्थापन करावी काय. कारागिरांखेरीज इतर कोणी आंत येणार नाहीं यावर आपण लक्ष ठेवूं. ट्रेजननें नकार दिला. अशा मंडळ्यांस नांव कांहींहि दिलें तरी त्यांचे राजकीय जमाव बनतात, हें त्याचें कारण. साधनें पुरवावींत, घरमालकांनीं तीं वापरावींत, गरज पडल्यास जमलेल्या गर्दीची मदत घ्यावी, एवढेंच त्यानें कळविलें.

पोथ्या जमविणाऱ्यांस येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. प्लिनीच्या पत्रांचा हा दहावा भाग ज्या प्राचीन पोथीवर अवलंबून होता ती पॅरिस येथें सांपडली; आल्डस मानुशियस यानें तिच्या आधारें १५०८ सालीं व्हेनिस येथें पुस्तक छापलें; आणि मग ती पोथी नाहींशी झाली. तिचीं म्हणून ओळखलीं जाणारीं सहा पानें न्यूयॉर्क येथील मॉर्गन ग्रंथालयांत आहेत, पण तीं दुसऱ्या व तिसऱ्या भागांतील. दीडशें कारागिरांची ती न झालेली मंडळी आज आपल्यास ठाऊक आहे ती केवळ वेळेवर छापून घेतल्यामुळें.

लंडनांत १६६६ च्या महा-आगीनंतर विमा उतरणाऱ्या कचेऱ्या निघाल्या व त्यांनीं आपापले पगारी बंबवाले ठेवले. १७०७ च्या कायद्यानें प्रत्येक धर्मग्रामास बंब ठेवणें भाग पडलें, आणि आगीच्या जागीं पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमानें पोंचणाऱ्या बंबास अनुक्रमें तीस, वीस व दहा शिलिंग बक्षीस ठरलें. म्हणजे आज्ञा, पहारा, पगार आणि बक्षीस अशीं चार बंधनें जगानें अनुभविलीं होतीं.

फिलाडेल्फिया हें शहर विल्यम पेन यानें १६८२ सालीं वसविलें. पेन हा क्वेकर पंथाचा. युद्ध व शपथ या दोन्ही गोष्टी निषिद्ध मानणारा हा पंथ असून शहरांतील बऱ्याच प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचा तोच होता. पुढील हकीकतीकरितां वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. १७३० च्या एप्रिलांत नदीकांठीं फिशबोर्नच्या धक्क्यावर आग लागून वखारी व घरें जळालीं, तेव्हां नगरसभेनें बंब, शिड्या, आंकड्या व चारशें कातडी बादल्या मिळविण्याचें ठरविलें. सामान आलें, तें घेऊन धांवावयाचें कोणी, हें ठरावयाचें राहिलें.

त्याचा विचार फ्रँक्लिनच्या 'पेन्सिल्व्हेनिया गॅझेट' पत्राच्या ४ फेब्रुवारी १७३५ च्या अंकांत एका निनांवी पत्रांत आला. लिहिणारा आपण हातांनीं अधू झालेला म्हातारा असून आगीच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं, म्हणून चार सूचना करतों, असें सांगतो. हा म्हातारा म्हणजे स्वतः फ्रँक्लिन. त्याचें वय तेव्हां अवघें एकोणतीस होतें. पत्रांतील सूचना मोठ्या व्यवहारी आहेत. जळते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन जिन्यावरून खालींवर करूं नये. चुलीपुढें पुरेशी फरसबंदी असावी. धुराडें साफ करणारांस नगराध्यक्षानें परवाना द्यावा व साफ केल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत तें पेटल्यास त्यांस दंड करावा. बंब आहेत, पण अर्धा तास पुरेल इतकें पाणी किती मोहल्ल्यांत मिळेल, अशी शंकाहि त्यानें काढली आहे. शेवटीं तो शेजारच्या प्रांतांतील एका शहराचें उदाहरण देतो. तेथें प्रत्येक बंबाशीं मेहनती माणसांची एक मंडळी जोडलेली असून तिला करांत सूट मिळते. कायद्यानें नेमलेले अग्निपाल हातांत पांच फूट लांबीची तांबडी काठी घेऊन हुकूम देतात, काठीच्या टोंकास सहा इंची पितळी ज्वाळा असते. आणि दर तीन महिन्यांनीं हे लोक जमून मागच्या आगींत कोठें चुकलें याची चर्चा करतात.

या पत्राच्या तारखेविषयीं दोन शब्द. इंग्रजी मुलखांत त्या काळीं वर्षारंभ २५ मार्चला धरीत. ही रीत व जुनी कालगणना १७५२ पर्यंत चालली. त्यामुळें हा फेब्रुवारी जुन्या रीतीनें १७३४ सालांत पडतो आणि हल्लींच्या रीतीनें १७३५ सालांत. पुस्तकांत दोन्ही सन आढळतात, म्हणून पत्रें दोन आहेत असें कोणी समजूं नये. करारनाम्याची ७ डिसेंबर ही तारीखहि जुन्या गणनेची असून आजच्या गणनेनें तो दिवस १८ डिसेंबर येतो. सुहूर सनाचा वर्षारंभ मृगाशीं असतो हें विसरल्यानें आपल्याकडे जे घोटाळे होतात, त्यांतलाच हा प्रकार.

शेजारच्या प्रांतांतील तें शहर म्हणजे बोस्टन, असें वर्णनावरून उघड होतें. १७११ च्या मोठ्या आगीनंतर तेथें अग्निपाल नेमले गेले, आणि १७१७ सालीं एकमेकांच्या मालमत्तेच्या रक्षणाकरितां नागरिकांची एक मंडळीहि तेथें निघाली. फ्रँक्लिन १७०६ सालीं बोस्टनांत जन्मला व १७२३ पर्यंत तेथेंच होता. 'पहिलें' या शब्दाचा निकाल येथेंच लागतो. त्यानें पाहिलेली वस्तु नव्या गांवीं नेली. आणि ज्या अर्थीं पत्रांत तो स्वतःच नमुना सांगून मोकळा होतो, त्या अर्थीं आद्यत्वाचा हक्क त्याच्या नांवें त्याच्या भक्तांनींच मागितला, असें म्हणावें लागतें.

आतां करारनामा. प्रारंभीं तारीख देऊन, खालीं सह्या करणारे आम्ही परस्परांच्या स्नेहावर विशेष भरंवसा ठेवून, आपल्या चीजवस्तूंचें आगीपासून अधिक चांगलें रक्षण व्हावें म्हणून, पुढीलप्रमाणें कबूल करतों, असा आशय आहे. मग कलमें. पहिल्या कलमानें प्रत्येकानें स्वखर्चानें दोन कातडी बादल्या व चार पिशव्या बाळगावयाच्या. पिशव्या भरड जवसी कापडाच्या, दरेकीस निदान चार वार कापड, आणि तोंडाशीं ओढून घेण्याची नाडी. दोहोंवर मालकाच्या नांवाचीं आद्याक्षरें व मंडळीची खूण घालावयाची आणि आगीखेरीज दुसऱ्या कामास त्या लावावयाच्या नाहींत. दुसऱ्या कलमानें, कमी भरणाऱ्या दर बादलीस किंवा पिशवीस पांच शिलिंग दंड. आगींत हरवल्यास किंवा फाटल्यास भरपाई मंडळीच्या खर्चानें.

येथें थोडा हिशेब करून पाहावा. मंडळींत पंचवीसांहून अधिक माणसें नसावीं असें सातवें कलम सांगतें. म्हणजे पूर्ण भरतीच्या वेळीं बादल्या पन्नास आणि पिशव्या शंभर. ज्यांस आधीं आग विझवावयाची आहे ते पाणी नेण्याच्या साधनांच्या दुप्पट पिशव्या कां शिवतील? उत्तर चौथ्या कलमांत आहे. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं किंवा घराजवळ आग लागल्याचें कानीं येतांच सर्वांनीं बादल्या व पिशव्या घेऊन धांवावें, आणि ज्याचें घर धोक्यांत असेल त्याचा माल पिशव्यांत भरून वांचवावा. एकाहून अधिक सभासद संकटांत असल्यास मंडळीनें शक्य तितक्या समान वांटण्या करून जावें. संशयित माणसांनीं आंत शिरूं नये व माल बाहेर नेऊं नये म्हणून दोघांनीं दारांत उभें राहावें. माल सुरक्षित जागीं नेल्यावर, मालकाच्या हवालीं होईपर्यंत, कोणी तरी तेथें राखणीस राहावें.

हें कलम वाचतांना आगीपेक्षां चोराची भीतिच अधिक डोळ्यांपुढें येते. भाजलेलें घर पुन्हां बांधतां येतें; आगीच्या गोंधळांत मदतीच्या मिषानें उचलून नेलेली पेटी परत येत नाहीं. बादल्या बाळगावयाच्या खऱ्या, पण कलमाचें क्रियापद माल भरण्याचें आहे. ज्वाळा विझविण्याचें स्वतंत्र कलम मूळ करारांत नाहीं. बंबाचा उल्लेख नाहीं. सभासद नसलेल्या शेजाऱ्याचें घर पेटल्यास काय करावें, याविषयीं हा कागद मुका आहे. म्हणून आम्ही वर म्हटलें कीं 'आग विझविणारें' हा शब्द निम्माच टिकतो.

पांचवें कलम मासिक सभेचें. महिन्याच्या शेवटच्या सोमवारीं सायंकाळीं जमावें, खर्च हजर असलेल्यांनीं सोसावा, गैरहजर राहील त्यास एक शिलिंग दंड. या कलमांत सोमवारास प्रथम आठवड्याचा 'दुसरा दिवस' म्हटलें असून रूढ नांव मागाहून दिलें आहे. वारांचीं नांवें जुन्या देवतांवरून पडलेलीं म्हणून क्वेकर लोक तीं उच्चारीत नसत व दिवस अंकांनीं मोजीत. सह्यांची यादी न पाहतांहि या एका शब्दावरून मंडळींत क्वेकरांचा भरणा होता, असें अनुमान करतां येतें. कागदांतील असा किरकोळ शब्द नक्कल करणारे पुष्कळदां 'सुधारून' टाकतात. तसें करूं नये.

सहावें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. मंडळीस अध्यक्ष नाहीं, सरदार नाहीं. कारकून तेवढा आहे, आणि तोहि महिन्याचा. सह्यांच्या अनुक्रमानें प्रत्येकाची पाळी येते. त्यानें घरोघर जाऊन बादल्या व पिशव्या तपासाव्या, सभेस तसें कळवावें, दंड गोळा करावे, निदान सहा तास आधीं सभेची वर्दी द्यावी, सभेच्या आरंभीं करारनामा व सह्यांची यादी मोठ्यानें वाचून दाखवावी, आणि शिल्लक पुढच्या कारकुनाच्या हवालीं करावी. पाळी नाकारणारास पांच शिलिंग दंड. एका बादलीच्या अभावाइतकाच कारकुनाचा अभाव जबर समजला गेला आहे. प्रत्येक सभासदानें नांवांच्या दोन याद्या ठेवाव्या, एक बादल्यांजवळ दिसेल अशी लावावी व दुसरी सभेंत मागतील तर दाखवावी, नाहीं तर सहा पेन्स दंड. कराराचीं कलमें बदलण्यास किंवा नवा सभासद घेण्यास एका सभेंत सूचना व पुढच्या सभेंत निर्णय, आणि एकंदर संख्येच्या तीन चतुर्थांशांची संमति. दंड देण्याचें नाकारील त्याचें नांव खोडून टाकावयाचें. याहून मोठी शिक्षा करारांत नाहीं, असूंहि शकत नव्हती.

ज्या बंधनामागें राजदंड नाहीं, पगार नाहीं, बक्षीसहि नाहीं, तें टिकवावयाचें कसें, या प्रश्नाचें उत्तर या मंडळीनें कागदानें दिलें. दर महिन्यास आपलीच कबुली आपल्या कानांनीं ऐकणें, दुसऱ्यानें आपली बादली तपासणें व पुढें आपण त्याची तपासणें, दंडाची नोंद होणें, हीं तिचीं साधनें. ट्रेजन ज्या जमावास भ्यायला तो हाच. मात्र पंचवीसांची मर्यादा, अध्यक्षाचा अभाव आणि पाळीचा कारकून अशी रचना असलेल्या जमावांत एग्नाशियस रूफस निपजणें कठीण होतें.

कराराचें शेवटचें कलम लहान आहे. कोणी सभासद वारल्यास त्याच्या विधवेस, ती विधवा असेपर्यंत, नवरा जिवंत असतां केली असती तशीच मदत मंडळीनें करावी. अट इतकीच कीं तिनें बादल्या व पिशव्या बाळगाव्या. सभेस येण्याचें, कारकुनीचें किंवा हजेरीच्या दंडाचें बंधन तिच्यावर घातलेलें नाहीं. आपल्याकडील पंचांच्या कागदांत विधवेचा उल्लेख बहुधा वारसाच्या तंट्यांत येतो. येथें तो कोणी न मागतां आला आहे.

आतां फ्रँक्लिनचें आत्मचरित्र. त्यांतील हा भाग त्यानें १७८८ सालीं, वयाची ब्याऐंशी वर्षें उलटल्यावर लिहावयास घेतला. त्यांत तो आरंभींचे सभासद तीस होते असें सांगतो. करार पंचवीसांची मर्यादा घालतो. तो पिशव्यांबरोबर टोपल्या सांगतो; पहिल्या करारांत टोपली नाहीं. गैरहजेरीच्या दंडांतून बंब, शिड्या व आंकड्या घेतल्या, असेंहि तो सांगतो. यांत लबाडी शोधण्याचें कारण नाहीं. मंडळी पुढें वाढली, तिचीं साधनें वाढलीं, आणि म्हाताऱ्याच्या स्मरणांत पहिल्या दिवसावर पुढच्या पन्नास वर्षांची सावली पडली, इतकेंच. पण बखर आणि तत्कालीन पत्र यांत विरोध आल्यास आपण जो नियम लावतों, तोच येथेंहि लावला पाहिजे. मूळ सभासदांपैकीं आपण व आपल्याहून एका वर्षानें वडील असलेला एक गृहस्थ असे दोघेच उरलों, ही त्याची नोंद मात्र मोलाची आहे, कारण ती त्यानें लिहितेवेळच्या स्थितीविषयीं आहे.

त्याच ग्रंथांतील एक हकीकत करारांतील नियमांवर चांगला उजेड पाडते. १७४७ च्या अखेरीस शत्रूच्या गलबतांचें भय वाटून नदीकांठीं तोफा बसविण्याकरितां सोडत काढण्यांत आली. मंडळीचे शिलकी साठ पौंड या सोडतीच्या तिकिटांत घालावे, अशी सूचना निघाली. नियमाप्रमाणें निर्णय पुढील सभेवर गेला. सभासद तीस, त्यांतील बावीस क्वेकर. युद्धाच्या कामीं पैसा देणें त्यांच्या पंथास संमत नाहीं. सभेच्या दिवशीं इतर पंथांचे आठहि जण हजर झाले. विरोध करण्यास जेम्स मॉरिस हा एकटाच क्वेकर आला. विरोधक येतील म्हणून तासभर वाट पाहिली, कोणी आलें नाहीं, आणि आठ विरुद्ध एक मतानें ठराव झाला. दरम्यान जवळच्या खानावळींत आठ क्वेकर बसले होते. गरज पडल्यास ठरावाच्या बाजूनें मत देऊं, पण शक्यतों बोलावूं नका, असा त्यांचा निरोप होता. बाकीचे तेरा घरींच राहिले. त्यांची गैरहजेरी हेंच त्यांचें मत, असें फ्रँक्लिन म्हणतो. गैरहजेरीचा शिलिंग एरवीं आळसाचा दंड. त्या रात्रीं ती मनाच्या शांतीची किंमत झाली असावी.

ठराव फसला तर काय करावयाचें हेंहि फ्रँक्लिननें सिंग नांवाच्या आपल्या मित्राशीं बोलून ठेविलें होतें. त्याच पैशांनीं 'अग्नियंत्र' घ्यावें अशी सूचना आणावयाची, तिला क्वेकर नाहीं म्हणणार नाहींत. मग दोघांची समिति नेमून घेऊन एक मोठी तोफ विकत आणावयाची, कारण तोफ हेंहि अग्नीचेंच यंत्र! इंग्रजींत बंबास जो शब्द आहे त्यावरचा हा श्लेष आहे, आणि संस्कृतांत तो जसाच्या तसा साधतो. हा फिलिप सिंग सोनारचांदीचें काम करणारा. १७५२ सालीं त्यानें घडविलेल्या रुप्याच्या दौतींतून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. सह्यांच्या महत्त्वाच्या कागदांशीं त्याचें नांव असें दोनदां जुळलें आहे.

पंचवीसांची मर्यादा अडचणीची खरी, पण तिनेंच विस्तार घडविला. ज्यांस प्रवेश मिळेना त्यांनीं निराळ्या मंडळ्या काढल्या: १७३८ सालीं 'फेलोशिप', १७४२ सालीं 'हँड इन हँड', १७४३ सालीं 'हार्ट इन हँड'. मालमत्ता असलेले बहुतेक नागरिक कोणत्या ना कोणत्या मंडळींत आले, असें फ्रँक्लिन लिहितो. एका मंडळीचा करार पंचवीस घरांपुरता होता. मंडळ्या अनेक झाल्यावर एकाच गल्लींत चार मंडळ्यांचीं घरें आलीं, आणि मग भिंतीपलीकडली आग ही कोणाची, हा प्रश्न उरला नाहीं. सभासदाचा माल पिशवींत भरण्यापेक्षां शेजारची ज्वाळाच विझविणें सोयीचें झालें. करारांत नसलेलें कर्तव्य असें घरांच्या मांडणींतून उत्पन्न झालें, अशी आमची समजूत आहे.

या मंडळ्यांतूनच विम्याची कल्पना निघाली. १७५२ सालीं 'फिलाडेल्फिया काँट्रिब्यूशनशिप' ही परस्पर-विम्याची संस्था स्थापन झाली; चार हातांनीं एकमेकांचीं मनगटें धरलेलीं, ही तिची खूण घरांच्या दर्शनी भिंतीवर लावीत. १७८१ सालीं या संस्थेनें दारापुढें झाडें असलेल्या घरांचा विमा न घेण्याचें ठरविलें, कारण झाडांमुळें बंबाच्या कामास अडथळा होतो. ज्यांस सावली सोडवेना त्यांनीं १७८४ सालीं दुसरी संस्था काढली आणि खूण घेतली हिरव्या झाडाची. एकोणिसाव्या शतकांत बंबवाल्या मंडळ्यांची संख्या व आपसांतील चुरस वाढून प्रसंगीं हाणामाऱ्याहि होऊं लागल्या, आणि १८७१ सालीं शहरानें पगारी दल उभें केलें. तो इतिहास स्वतंत्र आहे; येथें त्यांत शिरत नाहीं.

युनियन मंडळीचा करारनामा व सभांच्या नोंदी टिकल्या, कारण नोंद ठेवणें हेंच तिचें मुख्य काम होतें. अशा वहीच्या बहुतेक पानांवर कोण आला, कोण आला नाहीं, कोणाची बादली कमी भरली, एवढेंच असतें, आणि संग्राहक अशीं पानें सोडून देतात. आपल्या प्रांतांतहि फंड, भजनी मंडळ्या, व्याख्यानमाला, गांवची धर्मशाळा यांच्या जुन्या वह्या रद्दींत जातांना आम्हीं पाहिल्या आहेत. वर्गणी, पाळी व दंड यांची नोंद असलेली एखादी वही सभासदांपैकीं कोणाच्या संग्रहीं असल्यास तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी. आरंभींचा करार फाटून गेला असला तरी हरकत नाहीं. नुसत्या हजेरीच्या पानांचीहि नक्कल चालेल.